उपाय छापताना ऑपरेटिंग सिस्टिमचं नावही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातल्या संगणकविषयक सदरात एका वाचकाने विचारलं होतं, की व्हिडिओ डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर कालपर्यंत चालत होतं, आज चालत नाही, काय करावं? उत्तर थोडक्यात असं होतं: यूट्यूब-डीएल (ते डाउनलोडचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका, अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा, नेट तपासा आणि खालची कमांड जशीच्या तशी टाइप करा. वाचकाकडे विंडोज आहे, मॅक आहे की लिनक्स, हे प्रश्नात नव्हतं आणि उत्तर देणाऱ्यांनीही विचारलं नाही. स्क्रीनवर नेमकी कोणती एरर आली, तेही नाही. अशा उत्तराने प्रश्न विचारणाऱ्याचं काम होत नाहीच, शिवाय त्यातला अँटिव्हायरसचा सल्ला धोक्याचा आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

मी एका अभ्यासमंडळासाठी व्याख्यानं, प्रयोगांची प्रात्यक्षिकं, वाद्यवादनाचे पाठ असं साहित्य उतरवून ठेवण्याचं काम बघते. ज्यांनी परवानगी दिलेली आहे किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली जे खुलं ठेवलं आहे, तेवढंच. मंडळातल्या कित्येकांकडे सलग नेट नसतं, त्यामुळे फाइल हातात असणं हीच त्यांची सोय. कुणाकडे विंडोजचा जुना लॅपटॉप, कुणाकडे मॅक, आणि आमच्या साठवणीच्या मशीनवर डेबियन लिनक्स. सॉफ्टवेअर सगळीकडे एकच, वायटी-डीएलपी. दुखणी मात्र तिन्हीकडे वेगळी.

आधी नावाबद्दल. यूट्यूब-डीएल हा मूळ प्रोग्रॅम २००६चा. त्याची शेवटची नियमित आवृत्ती डिसेंबर २०२१ची आहे. त्याच्याच घराण्यातून २०२१मध्ये वायटी-डीएलपी निघाला आणि आज नियमित देखभाल होते ती त्याची. व्हिडिओच्या साइट आपली आतली रचना सतत बदलत असतात, त्यामुळे या कामात चार वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम काढून तोच पुन्हा टाकल्याने काही साधत नाही. वायटी-डीएलपीच्या आवृत्तीचं नाव म्हणजे चक्क तारीखच असते: वर्ष, महिना, दिवस. आपली आवृत्ती किती जुनी आहे हे त्यावरून कुणालाही कळतं.

आता ती 'जशीच्या तशी' टाइप करायची कमांड. आमच्या मंडळातले एक निवृत्त शिक्षक मॅक वापरतात. त्यांचा फोन आला.

"ताई, तो व्हिडिओ काढून टाकलेला दिसतो."

"कशावरून, सर? काय आलंय ते वाचून दाखवा ना."

"झेडएसएच, नो मॅचेस फाउंड. म्हणजे सापडत नाही असंच म्हणतोय ना?"

सरांचा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, शब्द तेच सांगतात. पण ते बोलणं वायटी-डीएलपीचं नव्हतंच. तो तर सुरूच झाला नव्हता. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, झेडएसएच नावाचा शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) असतो, आणि हा शेल प्रश्नचिन्हाला 'इथे कोणतंही एक अक्षर' असा अर्थ देतो. लिंकमध्ये प्रश्नचिन्ह दिसलं की तो फोल्डरमध्ये तशा नावाची फाइल शोधतो, ती मिळत नाही, आणि तो तिथेच थांबतो.

"लिंकच्या आधी आणि नंतर अवतरणचिन्ह द्या, सर."

"एकेरी की दुहेरी?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे, संपादक महोदय. मॅक आणि लिनक्सवर दोन्ही चालतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरणचिन्हाला काहीच किंमत नाही, तिथे दुहेरीच लागतं. म्हणून मी सगळ्यांना दुहेरीच सांगते. आणि ते का लागतं ते पाहा. प्लेलिस्टमधल्या व्हिडिओची लिंक घेतली की तिच्यात मध्येच अँड चिन्ह (&) येतं आणि त्यापुढे 'लिस्ट' हा शब्द असतो. अवतरणचिन्ह न देता ती विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर टाकली, तर अँड चिन्हाशी एक कमांड संपली असं विंडोज धरतं, अर्धी लिंक प्रोग्रॅमकडे जाते आणि उरलेल्या भागावर एरर येते, की 'लिस्ट' नावाची कमांड ओळखता येत नाही. विंडोजसोबतच येणारं पॉवरशेल हे दुसरं टर्मिनल उघडलं असेल तर ते अँड चिन्ह चालणार नाही म्हणून सुरुवातीलाच नकार देतं. लिनक्सच्या बॅश शेलमध्ये सर्वांत फसवा प्रकार होतो: कुठलीही एरर येत नाही, एकच व्हिडिओ मागच्या मागे उतरत राहतो आणि बाकीची प्लेलिस्ट गुपचूप गळून पडते. एकच लिंक, एकच प्रोग्रॅम आणि परिणाम इतके वेगवेगळे. यावर 'काढून पुन्हा टाका' हा उपाय कसा चालेल?

यात छपाईचाही मोठा वाटा आहे. आपल्या पानावर त्या कमांडमधली अवतरणचिन्हं वळणदार छापली होती, जशी लेखात शोभतात तशी. संगणकाला सरळ उभी लागतात. वळणदार चिन्ह हे त्याच्या लेखी वेगळंच अक्षर आहे, बहुतेक ठिकाणी त्याला त्यात अवतरण दिसतच नाही. तसंच एखाद्या पर्यायाआधी (कमांडला जोडायच्या जादा सूचनेआधी) दोन छोट्या आडव्या रेघा असतात, त्या जुळणीत एकत्र होऊन एक लांब रेघ छापली गेली होती. ई-पेपरमधून किंवा मेसेजमधून कमांड कॉपी करणाऱ्याला ही लांब रेघच मिळते. मग प्रोग्रॅम त्या शब्दाला पर्याय न समजता लिंक समजतो आणि 'इज नॉट अ व्हॅलिड यूआरएल' म्हणतो. वाचकाला वाटतं लिंक बिघडली. तो लिंक पुन्हा पुन्हा तपासतो, आणि दोष भलतीकडेच राहतो. फोनवरची नोंदवही आणि वर्ड प्रोसेसर हाच उद्योग आपणहून करतात. म्हणून कमांड जपून ठेवायची असेल तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवावी.

यानंतरची अडचण खास आपल्या लिपीची आहे आणि मदतीच्या इंग्रजी पानांवर ती सहसा भेटत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये एका फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा (बाइट हे संगणकातल्या जागेचं माप) मोठं असू शकत नाही. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी अक्षर तीन बाइटचं. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचा हलंत, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'व्याख्यानमाला' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, पण त्यात तेरा चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट. अशी जेमतेम ८५ चिन्हं झाली की मर्यादा संपली. वक्त्याचं नाव, विषय, सत्र, दिनांक असं ऐसपैस मराठी शीर्षक दिलेलं असलं की 'फाइल नेम टू लाँग' ठरलेलंच, कारण शीर्षकामागे प्रोग्रॅम व्हिडिओचा ओळखक्रमांक जोडतो आणि उतरत असताना आणखी एक तात्पुरती शेपटीही लावतो.

विंडोजवर तेच शीर्षक अनेकदा विनातक्रार उतरतं, कारण तिथे मोजणी बाइटची नसते, प्रत्येक देवनागरी चिन्ह एकच धरलं जातं. पण तिथे वेगळा पेच आहे: फोल्डरांच्या नावांसकट सगळा पत्ता मिळून २६० चिन्हांची जुनी मर्यादा. विंडोज १०च्या २०१६मधल्या आवृत्तीपासून ती उठवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि प्रोग्रॅमनेही ती मानावी लागते. फोल्डरात फोल्डर करून नीट लावून ठेवायची सवय असलेल्या माणसालाच ही एरर आधी गाठते.

या अडचणीवर 'रिस्ट्रिक्ट फाइलनेम्स' हा पर्याय वापरा असं सर्रास सुचवतात. मराठी साहित्य ठेवणाऱ्याने तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो पर्याय इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं पुसतो. शीर्षक मराठीत असेल तर नावाच्या जागी अंडरस्कोर आणि मागे ओळखक्रमांक एवढंच उरतं. असं साहित्य फोल्डरभर साठलं की कोणती फाइल कशाची आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शीर्षकाची लांबी बाइटमध्ये बांधून देणं हा त्यापेक्षा चांगला मार्ग आहे. फाइलचं नाव कसं बनवायचं हे प्रोग्रॅमला सांगणाऱ्या साच्यात टायटल शब्दाचा कंस बंद झाला की त्यापुढे टिंब, १५० आणि मोठा बी लिहायचा. नाव आखूड होतं, पण मराठी राहतं. एक खबरदारी: ही ओळ विंडोजच्या बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवायच्या फाइलमध्ये) ठेवणार असाल तर साच्यातलं टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. थेट प्रॉम्प्टवर मात्र एकदाच. हातानं टाइप केलं तर चालतं आणि फाइलमध्ये ठेवलं की चालत नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

आवाज नाही किंवा चित्र धूसर, ही तक्रारही नेहमीची. मोठ्या साइटवर चांगल्या प्रतीचं चित्र आणि आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात. ते जोडायला एफएफएमपेग हा दुसरा प्रोग्रॅम लागतो. तो सापडला नाही तर एकतर हलक्या प्रतीची जोड फाइल मिळते किंवा दोन सुट्या फाइली. विंडोजवर एफएफएमपेग आणि त्याच्यासोबत येणारा एफएफप्रोब हे दोन्ही वायटी-डीएलपीच्याच फोल्डरमध्ये ठेवले की पाथच्या, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीच्या, भानगडीत पडावं लागत नाही. पाथ बदललाच असेल तर टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडावी, जुन्या खिडकीला बदल कळत नाही. आणि फाइल आवाजासह नीट उतरली आहे पण एका प्लेअरमध्ये चित्र काळं दिसतं आहे, असं झालं तर डाउनलोडला दोष देऊ नये. त्या प्लेअरला ते कोडेक, म्हणजे चित्र साठवण्याची ती पद्धत, उमगत नाही. व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडून पाहावं.

लिनक्सवाल्यांना वेगळंच सांगावं लागतं. तिथे सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे वितरणाच्या (डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) स्वतःच्या भांडारातून घ्यायचं, ही चांगली सवय आहे, पण या एका प्रोग्रॅमच्या बाबतीत ती नडते. डेबियनची बारावी आवृत्ती जून २०२३मध्ये आली आणि तिच्या भांडारात वायटी-डीएलपीची त्याच वर्षी मार्चमध्ये निघालेली आवृत्ती होती. स्थिर वितरणात ती तशीच राहते, कारण न बदलणं हेच स्थिर वितरणाचं काम. मग माणूस पिपकडे, म्हणजे पायथन भाषेतले प्रोग्रॅम टाकून देणाऱ्या साधनाकडे, वळतो, तर 'एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. त्या एररच्या मजकुरातच ती मोडून काढायचा पर्याय दिलेला असतो आणि घाईत लोक तोच वापरतात. त्या पर्यायाच्या नावातच सिस्टिमचे पॅकेज मोडण्याचा उल्लेख आहे, तो गांभीर्याने घ्यावा. पिपएक्स वापरावं, ते प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र जागा करून देतं. आणि भांडारातली जुनी प्रत आधी काढून टाकावी. नाहीतर नवी टाकूनही चालते जुनीच. लिनक्स-मॅकवर 'व्हिच' कमांडला ए हा पर्याय देऊन आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर' लिहून किती प्रती आहेत ते दिसतं. 'अपडेट केलं तरी तीच एरर' असं कुणी म्हणालं की मी सगळ्यात आधी हे विचारते.

मॅकवर पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवताना विकासकाची खात्री करता येत नाही असा अडथळा येतो. पूर्वी कंट्रोल दाबून फाइल उघडली की वाट मिळायची. २०२४च्या सेक्वोया आवृत्तीपासून ती सोय गेली, आता सिस्टिम सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात जाऊन परवानगी द्यावी लागते. जुना सल्ला जुन्या मॅकला बरोबर आणि नव्या मॅकला चूक, म्हणजे नुसतं 'मॅक' लिहूनही भागत नाही, आवृत्ती हवी.

अँटिव्हायरसबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. वायटी-डीएलपीची विंडोजची फाइल म्हणजे पायथनचा प्रोग्रॅम एका गाठोड्यात बांधून केलेली असते. त्याच पद्धतीने अपायकारक प्रोग्रॅमही बांधले जातात, म्हणून अँटिव्हायरस कधीकधी निर्दोष फाइललाही अडवतो. पण अडवलेली फाइल खरंच निर्दोष आहे की त्याच नावाने भलत्याच साइटवरून आलेली आहे, हे अँटिव्हायरस बंद करून कळत नाही. प्रकल्पाच्या अधिकृत पानावर प्रत्येक आवृत्तीसोबत फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिची ओळख पटवणारा लांब आकडा) दिलेला असतो. विंडोजवर सर्टयुटिल, मॅकवर शासम, लिनक्सवर शा२५६सम या कमांड आपल्याकडच्या फाइलचा ठसा काढून देतात. दोन्ही तंतोतंत जुळले तर त्या एका फाइलपुरती सूट द्यावी. जुळले नाहीत तर फाइल पुसून टाकावी. तपासणीला काही सेकंद लागतात. लाखो घरांत जाणाऱ्या दैनिकाने 'अँटिव्हायरस बंद करा' हे तीन शब्द छापू नयेत.

कुकीजचंही तसंच. लॉगिन लागणाऱ्या मजकुरासाठी प्रोग्रॅमला ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याच्या खुणा, वाचायला सांगता येतं. २०२४मध्ये क्रोमने विंडोजवर कुकीजना जादा कुलूप लावलं, तेव्हापासून तिथे 'डिक्रिप्ट' करता आलं नाही अशी एरर येते. फायरफॉक्समध्ये लॉगिन करून त्याचं नाव दिलं तर बहुधा काम होतं. मॅकवर सफारीसाठी टर्मिनलला पूर्ण डिस्कची परवानगी द्यावी लागते. मात्र कुकीजची फाइल ही तुमच्या खात्यात शिरायची किल्ली आहे. मदत मागताना ती कुणालाही पाठवू नये, मदत करणारा कितीही ओळखीचा असो.

मग दोष मशीनचा की साइटचा हे ओळखायचं कसं? मी एवढंच पाहते: वेगवेगळ्या सिस्टिमवर एकाच दिवशी तीच एरर आली तर साइटकडे काहीतरी बदललं आहे, एकाच मशीनवर आली तर त्या मशीनमध्ये. नोव्हेंबर २०२५मध्ये वायटी-डीएलपीने जाहीर केलं, की यूट्यूबसाठी आता जावास्क्रिप्ट चालवणारा वेगळा प्रोग्रॅमही सोबत लागेल, आणि त्यासाठी डेनोची शिफारस केली. त्या काळात तिन्हीकडून तक्रारी आल्या आणि उपायही तिन्हीकडे एकच होता. ४०३ किंवा ४२९ असा आकडा दिसला, की साइटने नकार दिला आहे किंवा फार मागण्या झाल्या आहेत, तेव्हा आधी अपडेट करावं आणि थोडं थांबावं, पुन्हापुन्हा कमांड देत बसू नये. डीआरएमचं (नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाचं) संरक्षण असलेला मजकूर हा प्रोग्रॅम मुळातच उतरवत नाही, त्यासाठी कुणी वेगळी युक्ती विकत असेल तर तिच्या नादी लागू नये.

माझी विनंती अशी. सदरासाठी प्रश्न मागवता त्या चौकटीत ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि एररचा शब्दशः मजकूर एवढं मागा. 'चालत नाही' एवढ्यावर उत्तर छापू नका. उत्तराच्या डोक्यावर ते कोणत्या सिस्टिमसाठी आहे ते लिहा. कमांड वेगळ्या ओळीत, सरळ अवतरणचिन्हांनी, साध्या टंकात द्या, आणि मुद्रितशोधकांना त्या ओळीत कुठलीही सुधारणा करू नका असं सांगा. या सदराची गरज खरोखर मोठी आहे. मराठीतून हे सांगणारी जागा फार कमी आहे, म्हणूनच ते बंद न होता नीट चालावं असं वाटतं. आपली हरकत नसेल तर छापण्याआधी कमांड माझ्याकडे पाठवा. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालवून बघेन आणि काय घडलं ते त्याच दिवशी कळवेन.

आपली,
एक नियमित वाचक